गवराबाईची म्हैस आणि विमलचं कॉलेज

शनिवार, ९ जून १९५६

ही वही माझ्या नातीने, विमलने, शिवून दिली. तिच्या अकरावीच्या वह्यांतली कोरी पानं काढली आणि सुतळीने टाचली. साक्षरता वर्गाचे मास्तर म्हणतात, अंबूबाई, लिहीत राहिला नाहीत तर शिकलेली अक्षरं पळून जातील. पळून जातील कुठे? चिंचवड सोडून मीच कुठे गेले नाही, माझी अक्षरं कुठे जायची? पण पोरगी मागे लागली म्हणून लिहिते. मास्तरांचं आणखी एक म्हणणं, बोलताना काय ते बोला, लिहिताना पुस्तकातल्यासारखं लिहा. तेही करते. रोज मात्र लिहिणार नाही. या घरात रोज काय घडतं लिहिण्यासारखं?

आज घडलं. विमल मॅट्रिक पास झाली. गणितात आणि सायन्समध्ये सगळ्या शाळेच्या पुढे. माझ्या मुलाने, धर्माने, गूळ वाटला. सून छबू रडली. ती भाकरी करपली तरी रडते, तिचं धरायचं नाही.

आता पोरगी म्हणते, पुण्याच्या कॉलेजात जायचं. पिंपरीला तो नवा औषधाचा कारखाना झालाय ना, तिथे बुरशीपासून औषध काढतात म्हणे. माझ्या घरात भाकरीला बुरशी आली तर मी सुनेला बोलते. तिथे ती बुरशी सांभाळायला शिकलेली माणसं पगार देऊन ठेवलीत. विमलला तिथे पांढरा डगला घालून बसायचंय.

मी विचारलं, "आणि लगीन?"

म्हणाली, "आजी, आधी बुरशी."

असं उत्तर मी माझ्या सासूला दिलं असतं तर अंगणात झोपावं लागलं असतं.

बुधवार, १३ जून

कॉलेजात नाव लागलं. पण फी जुलै अर्धा व्हायच्या आत भरायची, नाहीतर नाव काढणार. धर्मा ऐकून गोठ्यात जाऊन बसला. मागल्या साली आमचा एक बैल गेला, तेव्हापासून गाडी दारात उभी आहे आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. धर्मा दुसऱ्याच्या रानात जातो. फी कुठून भरायची ते त्याला गोठ्यात बसून सापडणार नव्हतंच.

मास्तरांनी वाट दाखवली. पुण्यात काही मंडळींनी फंड काढलाय. हुशार पोरांना कॉलेजची फी, पुस्तकं, आगगाडीचा पास, सगळं देतात. विमलने अर्ज भरला. मी म्हटलं, वाचून दाखव. तर म्हणते, "नको आजी, तू चिडशील." अर्जात चिडण्यासारखं काय असतं? कॉलेजात जायच्या आधीच शिंगं फुटली.

शुक्रवार, २२ जून

फंडाचं कार्ड आलं. रविवारी कुसुमताई नावाच्या बाई घर बघायला येणार.

आता हे मला कळतं. पोरीच्या कामासाठी परकं माणूस घर बघायला येतं, तेव्हा काय करायचं ते मी तीन मुलींच्या वेळी केलंय. तिन्ही चांगल्या घरी पडल्या.

विमलला तळेगावला मामाकडे जायचं होतं, त्याच्या ओळखीत कुणाची जुनी पुस्तकं मिळतात का बघायला. जाताना तीनदा बजावून गेली, "आजी, घर आहे तसं असू दे. त्यांना आहे तसंच बघायचंय." मी हो म्हटलं. ती वळणापलीकडे गेल्यावर सारवायला घेतलं.

धर्मा घुटमळत आला. म्हणाला, "आये, मास्तर म्हनत हुते, त्यो फंड गरिबांच्या..."

"त्यो शब्द माज्या उंबऱ्याच्या आत न्हाई आनायचा," मी म्हटलं.

तो पुन्हा गोठ्यात गेला.

रविवार, २४ जून

झालं. इतकं नीट झालं की मला लिहिताना हसू येतंय.

काल सांजेलाच पलीकडच्या सयाजीचा बैल आणून आमच्या बैलाशेजारी बांधला. रिकामं दावं बघितलं की घर बोडकं दिसतं. शेजारच्या गवराबाईकडून तिची म्हैस आणली. म्हैस यायला तयार नव्हती, गवराबाई मागून ढकलत होती आणि मला सांगत होती, तिला लाडानं बोला. मी माझ्या सुनेशी लाडाने बोलले नाही, म्हशीशी काय बोलणार? पितळेचा हंडा, दोन घागरी आणि मोठं तपेलंही तिचंच. त्यांच्यावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलंय, बन्सी राघू. आता मला वाचता येतं, म्हणून लक्षात आलं. सगळी नावं भिंतीकडे फिरवून ठेवली. शिकण्याचा असा उपयोग होतो.

कुसुमताई चिंचवडच्या ठेसनावरून चालत आल्या. चाळिशीच्या, चष्मेवाल्या, पायात चपला आणि हातात छत्री. बोलतात हळू, खातात बरं. ओसरीवर बसवलं. त्यांनी वही काढली.

"जनावरं किती, आजी?"

"दिसत्यात तेवढी."

"आणि जमीन?"

"त्या बाभळीपातुर," मी म्हटलं. आमची जमीन विहिरीशी संपते. पुढे बाभळीपर्यंत बन्सीची आहे. पण बन्सी घरी नव्हता.

"मुलीला शिकवायचं जड जाईल ना?"

"आमाला कशाचं जड जातंय? इथं आल्याला मानूस कदी उपाशी गेला न्हाई."

बाईंनी ते लिहून घेतलं. छबू चुलीपाशी खोकत होती. मला वाटलं धूर झाला असेल, पण दर उत्तराला खोकत होती. नंतर बोलेन तिला.

पुरणपोळी केली होती. बाई तीन पोळ्या खाऊन गेल्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "असं भरलेलं घर बघून बरं वाटलं." तिन्ही मुलींच्या सासरची माणसं हेच म्हणाली होती.

त्या गेल्या आणि विमल तळेगावहून आली. गोठ्यात म्हैस बघितली. "ही कोणाची?" म्हणाली. मी सांगितलं सगळं, पोळ्यांसकट. ती पायरीवर बसली, पुस्तकांचं गाठोडं मांडीवरच. उन्हातून आली होती, दमली असेल.

मंगळवार, ३ जुलै

फंडाचं पत्र आलं. विमल रानात होती, म्हणून मीच फोडलं. माझ्या जन्मात मी वाचलेलं पहिलं पत्र. बोट ठेवून ठेवून वाचलं. "आपल्या घरची स्थिती समाधानकारक असल्याचे पाहून आनंद झाला." मग पुढे जोडाक्षरं फार होती, ती सोडली. आनंद झाला म्हणतात, आणखी काय पाहिजे?

गवराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माजी म्हस गुमान हुबी ऱ्हायली म्हनून." मी म्हटलं, तिची मेहनत अर्धी, बाकी माझी. दोघींनी मिळून सगळ्या आळीला गूळ वाटला. सयाजीला त्याच्या बैलाच्या वाटणीचाही दिला.

सांजेला लिहिते. विमल आली आणि मी सोडलेली जोडाक्षरं तिने वाचली. निधी मर्यादित आहे, तो अधिक गरजू विद्यार्थ्यांसाठी आहे, सबब आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.

मी म्हटलं, "पर आनंद झाला म्हनत्यात न्हवं?"

ती म्हणाली, "हो. आपल्याकडे सगळं आहे म्हणून झाला."

गूळ वाटून झाला होता. तो काय परत मागायचा?

बुधवार, ४ जुलै

विमल पहाटे बायकांबरोबर बन्सीच्या रानात खुरपायला गेली. कालपासून बोलत नाही. रागावली असती, ओरडली असती, तर मला उत्तर देता आलं असतं. मला सगळ्यांना उत्तर देता येतं. पण ती आली, हातपाय धुतले, "आजी, जेवलीस का?" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिच्या भाकऱ्या गोल होत नाहीत, आज झाल्या. ते मला आवडलं नाही.

मी पडल्या पडल्या विचार केला. घरात काय नाही ते परक्याला दाखवायचं, ही कसली रीत? नाही ते कसं दाखवतात? पण फंडवाल्यांना तेच बघायचं असतं, आणि मी त्यांना म्हैस दाखवली.

उद्या पुण्याला जाते. गवराबाईला बरोबर घेते. म्हैस तिची आहे, साक्ष तिनेच द्यायला पाहिजे.

गुरुवार, ५ जुलै

गवराबाईला आगगाडीत बसायची सवय नाही. ती शिवाजीनगर येईपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभी होती आणि सगळ्या डब्याला सांगत होती की आम्ही म्हशीच्या कामाला पुण्याला चाललोय. एकाने विचारलं, विकायची आहे का?

फंडाची कचेरी एका माडीवर आहे. तिथे उद्धवराव नावाचे सेक्रेटरी बसतात. काटकुळा माणूस, कागदांना टाचण्या टोचत होता. कुसुमताईही तिथेच होत्या. मला बघून उठून उभ्या राहिल्या.

उद्धवराव म्हणाले, "आजीबाई, आमच्या बाईंनी लिहिलंय. दोन बैल, दुभती म्हैस, पितळेची भांडी, बाभळीपर्यंत जमीन, जेवायला पुरणपोळी."

"पुरनपोळी माजी हुती," मी म्हटलं. "बाकीचं बाकीच्यांचं."

गवराबाई पुढे झाली. "म्हस माजी हाय सायेब. आन् पुरनाची डाळबी मीच दिल्याली."

या बाईच्या पोटात काही राहत नाही. डाळीचं कुणी विचारलं होतं?

उद्धवरावांनी टाचणी खाली ठेवली. म्हणाले, "लोक आमच्याकडे येऊन आहे ते नाही म्हणून सांगतात. त्यासाठी आमच्याकडे नियम आहेत. तुम्ही नाही ते आहे म्हणून सांगितलंत. याला नियमच नाही." मग चष्मा पुसला. "बरं, तुमच्याकडे नेमकं काय आहे?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या कुणी विचारला असता तर त्याला दारात उभं केलं नसतं. कुसुमताई माझ्याकडे बघत होत्या. गवराबाईही बघत होती, आणि तिला तर सगळं ठाऊकच आहे, तरी बघत होती.

मग सांगितलं. म्हटलं, एक बैल हाय. गाडी हाय, ती एका बैलावर चालत न्हाई. जमीन हिरीपातुर. भांडी मातीची, येक पितळंचा तांब्या, त्यो माज्या लग्नातला, त्येला पोचा हाय. पोरगा दुसऱ्याच्या रानात जातो. नात हाय, ती हुशार हाय. ती तेवढी कुनाची उसनी न्हाई.

गवराबाई डोळ्याला पदर लावायला लागली. तिला मी कोपराने ढोसलं.

उद्धवराव म्हणाले की या सालचं सगळं वाटून झालं. एकाचंच उरलंय, आणि त्यावर चाकणच्या पलीकडच्या एका मुलाचा अर्ज आहे. त्याचं घर बघायचं राहिलंय. ते घर चांगलं निघालं तर विमलचा विचार करता येईल. असं म्हणून ते दुसऱ्या खोलीत गेले.

कुसुमताईंनी त्या मुलाच्या वाडीचं नाव घेऊन विचारलं, "आजी, ही वाडी कुठे आली हो?"

नाव ऐकलं आणि म्हटलं, "माजं म्हायार त्येच्या पल्याडच्या शिवारात. तुमी येकट्या गेला तर गाळात बसाल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "रविवारी याल माझ्याबरोबर?"

बाई भोळी आहे. कोणाला बरोबर नेऊ नये तेवढंही कळत नाही. मी लगेच हो म्हटलं. ते घर भरलेलं निघू दे एवढंच माझं मागणं आहे. लबाडी करून लिहीत नाही.

रविवार, ८ जुलै

सकाळी भोसरीपर्यंत चालत गेले. पुण्याहून येणाऱ्या एस.टी.त कुसुमताई होत्या, त्यांनी जागा धरली होती. चाकणला उतरून पुढे पायी. गुडघाभर चिखल. बाईंची एक चप्पल राहिली, ती मी ओढून काढली.

घर रुक्मिणीबाईचं. माझ्याच वयाची, उंच, नव्या लुगड्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. नातू ज्योतीराम, त्याचाच अर्ज. मुलगा खांबाला टेकून उभा होता. विमल पायरीवर बसली होती ना, तसलं तोंड.

दारात बैलजोडी. घरात पितळेच्या भांड्यांची उतरंड, चकचकीत. बसल्या बसल्या तुपातला शिरा आला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, भरलेलं घर आहे, सुटलो.

रुक्मिणीबाई म्हणाली, "आमच्याकडं काय बी कमी न्हाई बाई. द्येवाचं समदं हाय."

कुसुमताई वही उघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, पाणी पिऊन येते, आणि आत गेले. मला हल्ली दिसेल ते वाचायची खोड लागलीय. डब्यावरचं, काडेपेटीवरचं, काही सोडत नाही. हंड्यावर वाचलं, भैरू लक्ष्मण. घागरीवर वाचलं, सखाराम ठका. तपेल्यावर तिसरंच कोणी. भेट आलेली असती तर भेट म्हणून लिहिलं असतं. ही मालकांची नावं होती. रुक्मिणीबाईच्या घरातलं एकही नाही. चुलीमागे तिची स्वतःची मडकी होती, घोंगडीखाली झाकलेली.

रुक्मिणीबाईला वाचता येत नाही, हे मी समजू शकते. पण सगळी नावं पुढे, दाराकडे तोंड करून, एका रांगेत. जसं कोणी मांडून ठेवलंय. नातवाला वाचता येतं ना? त्याने तरी भिंतीकडे फिरवायची. हुशार हुशार म्हणतात, घरात लक्ष नाही त्याचं. मी बाहेर आले तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. मग त्याने भांड्यांकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. मी शिरा संपवला.

परतताना कुसुमताई म्हणाल्या, "घर चांगलं आहे. आता उद्धवरावांना सांगायला हरकत नाही. तुमच्या विमलचं होऊन जाईल."

मी म्हटलं, "बरं झालं."

चाकणला शेंगा घेतल्या. गाडी आली. बसलो. शेंगा खाल्ल्या. मोशी आली, गेली. मला त्या रुक्मिणीबाईचा राग यायला लागला. सोंग आणायचं तर नीट आणावं. दुसऱ्याची नावं पाहुण्यांच्या तोंडावर ठेवायची म्हणजे काय? इतकं कच्चं काम मी बघितलं नव्हतं. आणि कुसुमताईंना ते खरं वाटलं, त्याचाही राग आला. शेवटी राहवेना.

म्हटलं, "बाई, ती भांडी तिची न्हाईत. तीन घरची हायत. नावं वाचली मी. बैलबी मागून आनल्यालं असतील, पान्याला नेल्यावर एक उजवीकडं जात हुता आन् दुसरा डावीकडं. चुलीमागं गाडगी हायत. तिच्याकडं काय न्हाई. माज्यापेक्षा कमी हाय."

कुसुमताईंनी वही मिटली. इतका वेळ उघडीच होती, पण त्यात काही लिहिलेलं मला दिसलं नाही. म्हणाल्या, "आजी, मी तुम्हाला बरोबर का आणलं असेल?"

"चिखलातली वाट दावायला."

"तेही आहे," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत हसायला लागल्या. चिखलात चप्पल गेली तरी हसत होत्या. शहरातली माणसं.

सोमवार, ९ जुलै

विमलला सांगितलं. लपवून काय करायचं, चार दिवसांनी पत्र येईलच.

ती म्हणाली, "म्हणजे माझी फी तू दुसऱ्याला देऊन आलीस."

"व्हय," मी म्हटलं.

"एस.टी.त बसून, शेंगा खात."

"व्हय."

मग हसायला लागली. इतक्या दिवसांनी. "बरं केलंस आजी," म्हणाली आणि दोन भाकऱ्या जेवली. यात बरं काय ते मला कळलं नाही. माझं तर कालपासून पोट दुखतंय. शेंगा कच्च्या असतील.

शनिवार, १४ जुलै

कुसुमताई स्वतः आल्या. न सांगता. मी अंगणात गोवऱ्या थापत होते, घर होतं तसं होतं, तांब्या पोच्यासकट ओसरीवर. त्यांनी त्यातलंच पाणी घेतलं.

उद्धवरावांनी उरलेल्या मदतीचे दोन वाटे केलेत. अर्धा ज्योतीरामला, अर्धा विमलला. नियमात असं बसत नाही म्हणून ते दोन दिवस कुरकुरले, मग त्यांनी नवा नियम लिहिला. अर्ध्यात पहिल्या सहामाहीची फी होते. विमल तशीच उठली, बाईंबरोबर गाडीने गेली आणि फी भरून आली. दार बंद व्हायला आलं होतं म्हणे कचेरीचं. पावती मी वाचली, जोडाक्षरांसकट, आणि बाईंनी आणलेला मंजुरीचा कागदही. नाव बरोबर आहे.

पुस्तकं आणि पास राहिले. त्यावर धर्मा डोकं धरून बसायच्या बेतात होता, तोवर सयाजी आला. म्हणाला, "धर्मा, त्या शनवारी माजा बैल तुज्या बैलाशेजारी रातभर हुबा ऱ्हायला. येरवी कुनाला जवळ करत न्हाई त्यो. जुपून बघूया का?" पिंपरीला चाळी बांधतायत, विटा वाहायला गाड्या कमी पडतायत. एक बैल त्याचा, एक आमचा, गाडी आमची, मिळेल ते निम्मं. दुपारी कोंबड्या गाडीवरून हाकलल्या. त्यांना राग आला.

छबू रडली. आज तिला बोलले नाही.

गुरुवार, १९ जुलै

विमल पहिल्या गाडीने जाते, दिवे लागायला येते. अंगाला कसला तरी उग्र वास येतो. म्हणते, गॅसचा आहे. तिच्या प्रयोगशाळेत एक पोरगा आहे, तो कालच येऊन विचारत होता, तुझी आजी चिंचवडची का? ज्योतीराम. तोही त्याच कॉलेजात. दोघांनी ठरवलंय, पुस्तकांचा एकच संच घ्यायचा, चार दिवस हिच्याकडे, तीन दिवस त्याच्याकडे. मी म्हटलं, रविवार कोणाचा? तर म्हणते, जो मागे पडला असेल त्याचा. त्याने तिला आणखी काय सांगितलं विचारलं तर म्हणे, "तुझ्या आजीला थँक्यू सांग, त्यांनी वाचलं." मी वाचलं यात थँक्यू कसलं? नावं फिरवायला विसरला तो.

रविवार, २२ जुलै

दुपारी अंगणात कोणी उभं राहिलं. वर बघते तर रुक्मिणीबाई. चाकणवरून. खांद्यावर कांद्याची पिशवी, पाय चिखलाने माखलेले.

"तूच न्हवं ती?" म्हणाली. "माज्या घरात पानी प्यालीस, शिरा खाल्लास, आन् भायेर जाऊन सांगितलंस का हितं काय न्हाई."

मी म्हटलं, "व्हय, मीच."

"नातवाला पैसं मिळालं त्ये मिळालं. पर गावात माजी काय शोभा ऱ्हायली? पत्र चावडीवर वाचलं मास्तरानं. त्येच्यात लिवलंय, गरजू." तो शब्द तिने असा टाकला, जसा तोंडात खडा आला. "माज्या सात पिढ्यांत कुनी गरजू न्हाई झालं."

गवराबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. भांडण म्हटलं की तिला कामं नसतात.

मी म्हटलं, "माज्याबी कागदावर त्योच शबुद हाय."

रुक्मिणीबाई थांबली. "तुज्याबी?"

"त्योच. मी वाचलाय."

ती ओसरीच्या कडेवर टेकली. मी पाणी दिलं, पाय धुवायला घातलं. छबूने पिठलं टाकलं. कांदा तिनेच पिशवीतून काढला आणि बुक्कीने फोडला. जेवताना तिने सगळं घर नजरेखालून घातलं, कोपरा सोडला नाही.

"तुज्याकडं बाई आली तवा तू काय काय मांडलं हुतंस?" तिने विचारलं.

मी सांगितलं. एक बैल दावणीला. बन्सीची भांडी, नावं भिंतीकडे करून. तिने मान हलवली, ते तिला पटलं. बाभळीपर्यंत जमीन. तेही पटलं. मग म्हटलं, "आन् म्हस."

तिचा घास हातात राहिला. "म्हस?"

"म्हस."

"दुभती?"

"दुभती. हिची." मी गवराबाईकडे बोट केलं. गवराबाई पदर सावरून ताठ उभी राहिली.

रुक्मिणीबाईने घास तोंडात घातला. बराच वेळ चावत होती.

"मला म्हस सुचली न्हाई," ती म्हणाली.

तिला ते मनापासून लागलं होतं. मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.